रोजच्या दूरच्या प्रवासासाठी जुनी मोटार : निवड, तपासणी आणि हस्तांतरण

बुलढाणा हे जिल्ह्याचे मुख्य ठाणे अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले असून तेथे रेल्वे नाही. मुंबई-नागपूर लोहमार्ग जिल्ह्याच्या उत्तर भागातून, मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव या स्थानकांवरून जातो आणि जलंबहून खामगावपर्यंत त्याची एक लहानशी शाखा आहे. घाटावरील चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या तालुक्यांच्या वाट्याला मात्र केवळ रस्ताच आलेला आहे. तेरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्य कर्मचारी, बँकेतील व तहसिलीतील कर्मचारी असा मोठा वर्ग दररोज घाट चढतो आणि उतरतो. या येण्याजाण्याला बोलीभाषेत ‘अपडाऊन’ हा शब्द पक्का रुजला आहे. मुख्यालयी निवास करण्याचा नियम आणि त्यासंबंधी होणारी चर्चा हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. पती एका तालुक्यात व पत्नी दुसऱ्या तालुक्यात नोकरीस, मुले जिल्ह्याच्या ठिकाणी शिकत असलेली, अशी कुटुंबे आहेत आणि त्यांना रोजचा प्रवास चुकत नाही, एवढे येथे गृहीत धरले आहे.

एसटीची बस हा या प्रवासाचा जुना आणि आजही सर्वांत स्वस्त आधार आहे. तथापि नोव्हेंबर २०२१ च्या सुमारास सुरू होऊन एप्रिल २०२२ पर्यंत लांबलेल्या संपाच्या काळात ज्यांची सारी भिस्त बसवर होती त्यांची किती अडचण झाली, हे सर्वांच्या स्मरणात आहे. दुचाकीवर रोज शंभर किलोमीटरचा प्रवास पावसाळ्यात व उन्हाळ्यात धोक्याचा ठरतो. अशा वेळी नवी मोटार आवाक्याबाहेर असलेल्या कुटुंबाचे लक्ष जुन्या मोटारीकडे वळते. हा व्यवहार दोन-चार लाखांचा असला तरी नोकरदार माणसाच्या दृष्टीने घर व लग्नकार्य यांच्या खालोखाल तो मोठा असतो, आणि बहुधा पतसंस्थेचे कर्ज काढून केलेला असतो. असे असूनही तो पुष्कळदा गाडीचा रंग, चमक आणि विकणाऱ्याचा शब्द यांवर एका दुपारी उरकला जातो, ही खेदाची बाब आहे.

अंतराचा हिशेब प्रथम

मोटार पाहावयास जाण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. बुलढाणा ते खामगाव हे अंतर सुमारे ५० किलोमीटर आहे. जाऊन येऊन १०० किलोमीटर आणि कामाचे दिवस वर्षाला २३० धरले, तर वर्षाकाठी २३,००० किलोमीटर होतात. म्हणजे ७० हजार किलोमीटर चाललेली गाडी घेतली तर तीन वर्षांत ती १ लाख ३९ हजारांवर जाते. घरगुती वापराच्या गाडीस जे अंतर कापण्यास आठ-दहा वर्षे लागतात ते येथे तिसऱ्या वर्षीच संपते. टायरचा एक संच ४० ते ५० हजार किलोमीटर टिकतो असे मानले, तर दर दोन वर्षांनी चार टायर घ्यावे लागतील. दर दहा हजार किलोमीटरला ऑइल बदलावयाचे, तर वर्षातून किमान दोनदा गाडी कारखान्यात न्यावी लागेल. रोजच्या दूरच्या प्रवासासाठी गाडी निवडताना ती आजवर किती चालली याहून ती आणखी किती चालू शकेल, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

याच हिशेबातून इंधनाची निवड ओघानेच येते. उदाहरणादाखल पेट्रोल लिटरला १०५ रुपये व डिझेल ९२ रुपये धरू. पेट्रोलच्या गाडीचा अॅव्हरेज १८ आणि डिझेलच्या गाडीचा २२ किलोमीटर मानला, तर वर्षाला पेट्रोलचा खर्च सुमारे १ लाख ३४ हजार रुपये आणि डिझेलचा सुमारे ९६ हजार रुपये होतो. फरक ३८ हजारांचा. रोज वीस किलोमीटर फिरणाऱ्यास हा फरक आठ हजारांच्याही आत येतो आणि डिझेल गाडीच्या महागड्या दुरुस्तीत तो बुडून जातो. रोज शंभर किलोमीटर जाणाऱ्याचे गणित वेगळे आहे. मात्र इंजेक्टर, टर्बो व क्लच यांपैकी एखाद्या भागाने दगा दिला तर वर्षभराची बचत एका बिलात जाते, म्हणून डिझेल गाडीची तपासणी अधिक कसोशीने होणे अगत्याचे आहे.

डिझेल गाड्यांत १ एप्रिल २०२० ही विभाजक रेषा मानावी. त्या दिवसापासून भारत स्टेज सहा हे प्रदूषणविषयक मानक देशभर लागू झाले. देशातील सर्वांत मोठ्या मोटार उत्पादकाने, मारुतीने, त्याच सुमारास डिझेल गाड्यांचे उत्पादन थांबविले. त्यापूर्वीच्या गाड्यांत फियाटचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन मारुती, टाटा आणि स्वतः फियाट अशा अनेकांच्या गाड्यांत बसविलेले आढळते. त्यामुळे त्याचे सुटे भाग आणि ते जाणणारे मिस्त्री तालुक्याच्या गावीही मिळतात. आडमार्गावर राहणाऱ्यास ही गोष्ट लहान नाही. २०२० नंतरच्या डिझेल गाडीत धुरातील काजळी पकडणारी गाळणी असते. गाडी बराच वेळ वेगात चालली की ही काजळी उष्णतेने जळून जाते. जी गाडी शहरात केवळ दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारीत राहिली तिची गाळणी तुंबण्याचा संभव असतो. रोजच्या लांब प्रवासाला अशी गाडी मानवते. पण ती पूर्वी कोठे व कशी चालली, याची चौकशी करावी.

पेट्रोल गाडी घेणाऱ्याने एक नवी बाब लक्षात ठेवावी. देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठण्यात आले. १ एप्रिल २०२३ पासून तयार झालेल्या गाड्यांचे रबरी व धातूचे भाग या मिश्रणास अनुरूप आहेत. दहा टक्के मिश्रणाच्या हिशेबाने जुळविलेल्या जुन्या चारचाकी गाड्यांचा अॅव्हरेज सहा ते सात टक्क्यांनी घटू शकतो, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच देण्यात आला होता. तेव्हा विक्रेत्याने सांगितलेल्या जुन्या आकड्यातून तेवढी वजावट करून मगच हिशेब मांडावा. जुन्या गाडीच्या इंधननळ्या व रबरी जोड यांवर बारीक चिरा पडल्या आहेत काय, हेही मिस्त्रीकडून पाहून घ्यावे.

सीएनजीची गाडी चालविण्यास स्वस्त पडते, पण पंप आपल्या रोजच्या मार्गावर आहे काय आणि तेथील रांगेत सकाळचा किती वेळ जाईल, हे आधी पाहावे. शाळेची घंटा रांगेसाठी थांबत नाही. सीएनजीची टाकी दर तीन वर्षांनी दाबचाचणी करून घ्यावी लागते. टाकीवरील पट्टीवर चाचणीची तारीख असते. किट मागाहून बसविले असल्यास त्याची नोंद नोंदणी प्रमाणपत्रावर झालेली असली पाहिजे. नसल्यास अपघातानंतर विमा कंपनीशी वाद उद्भवतो.

घाट, ऊन आणि खारे पाणी

पुणे-मुंबईच्या सल्ल्यावर बुलढाण्यासाठी गाडी निवडणे पुरेसे ठरत नाही, कारण येथील रस्त्यांची परीक्षा निराळी आहे. बुलढाण्याहून मोताळा-मलकापूरकडे उतरताना राजूर घाट लागतो आणि खामगावकडे जाताना बोथ्याचा घाट. दुसरा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून निघालेला एक वाघ कित्येक महिने पायपीट करीत याच जंगलात येऊन पोहोचला होता. वाघ विरळाच, रानडुकरे आणि रोही मात्र रस्त्यात केव्हाही आडवी येतात, आणि त्या क्षणी ब्रेक व टायर यांवाचून दुसरा सोबती नसतो.

म्हणून गाडीची चाचणी विक्रेत्याच्या दारासमोरील सपाट रस्त्यावर न करता घाटात करावी. विक्रेता त्यास तयार नसेल तर त्यातूनही काय समजावयाचे ते समजते. चढावर चौथ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबला असता इंजिनाचा आवाज चढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, असे आढळले तर क्लच संपत आला आहे. उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरताना ब्रेक दाबल्यावर पॅडल थरथरत असेल तर डिस्क वाकलेली असावी. गाडी एका बाजूस ओढत असेल तर ब्रेक, टायर किंवा चाकांची जुळणी यांपैकी कशात तरी दोष आहे. घाट चढून वर आल्यानंतर लगेच इंजिन बंद न करता तापमानाचा काटा किंवा दिवा पाहावा आणि पंख्याचा आवाज ऐकावा.

तापमानाचा मुद्दा येथे अधिक विस्ताराने मांडणे आवश्यक आहे. बुलढाणा शहर उंचावर असल्याने तेथे उन्हाळा सौम्य असतो. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव हा घाटाखालचा प्रदेश मात्र मे महिन्यात भट्टीसारखा तापतो. थंड हवेत निर्दोष वाटणारी गाडी खाली उतरल्यावर अकस्मात गरम होऊ शकते. त्यातच पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्याचा प्रश्न आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांत अनेक ठिकाणी जमिनीतील पाणी खारे आहे. पिण्याच्या पाण्यासंबंधीची ही अडचण सर्वश्रुत आहे. पण तेच बोअरचे पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतले गेले तर आत क्षारांचा थर बसतो, बारीक नळ्या तुंबतात आणि धातू गंजतो. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे किंवा कूलंटच्या टाकीचे झाकण उघडून पाहावे. आतील द्रव हिरवा, गुलाबी किंवा निळा आणि स्वच्छ असावा. तो तांबूस गढूळ असेल, झाकणाखाली पांढरी पापडी धरली असेल किंवा पाण्यावर तेलाचा तवंग दिसत असेल तर त्या गाडीची पुढील तपासणी करण्यात वेळ घालवू नये. एकदा जास्त तापून गेलेले इंजिन दुरुस्त होऊन चालते खरे, पण रोज शंभर किलोमीटर धावणाऱ्याने त्या भरवशावर राहू नये.

काळ्या मातीच्या जमिनीवरील रस्ते पावसाळ्यात फुगतात व उन्हाळ्यात आकसतात. अशा रस्त्यांवर चाललेल्या गाडीचे शॉक अॅब्सॉर्बर, रबरी बुश आणि स्टिअरिंगचे सांधे लवकर सैल होतात. गाडीचा प्रत्येक कोपरा हाताने जोराने दाबून सोडावा. ती एकदा वर येऊन स्थिर झाली पाहिजे, दोन-तीनदा डोलता कामा नये. खडबडीत रस्त्यावर काचा वर करून, रेडिओ बंद ठेवून, खडखड कोठून येते ते ऐकावे.

सिंदखेड राजा, मेहकर या बाजूच्या प्रवाशांसाठी ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झालेला समृद्धी महामार्ग उपलब्ध आहे. त्यावर मोटारींना सपाट भागात ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. जुन्या गाडीने ती गाठावी असे कोणतेही बंधन नाही. काँक्रीटचा तापलेला रस्ता, सलग वेग आणि जुने टायर यांचा संयोग घातक ठरतो. २०२३ मध्ये परिवहन विभागाने या मार्गावर येणाऱ्या वाहनांच्या टायरांची तपासणी सुरू केली ती याच कारणाने. टायरच्या कडेवर चार अंकी आकडा कोरलेला असतो. ३५१९ असा आकडा असेल तर तो टायर २०१९ च्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. नक्षी शाबूत असली तरी सहा वर्षांहून जुने रबर कडक झालेले असते. स्टेपनीचाही आकडा पाहण्यास विसरू नये.

निर्मितीचे वर्ष आणि जिवाची किंमत

एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्या दोन वर्षांच्या अंतराने तयार झाल्या असतील तर त्यांच्या सुरक्षिततेत फार मोठे अंतर असू शकते. अँटी-लॉक ब्रेकची सक्ती सर्व नव्या मोटारींना एप्रिल २०१९ पासून लागू झाली. चालकासाठी एअरबॅग जुलै २०१९ पासून सर्व गाड्यांत आवश्यक ठरली; शेजारच्या आसनासाठी ती आधीपासून बाजारात असलेल्या गाड्यांनाही डिसेंबर २०२१ अखेरपासून लागू झाली. समोरून होणाऱ्या धडकेच्या चाचणीचे मानक ऑक्टोबर २०१९ पासून सर्व मोटारींना लागू आहे. म्हणजे २०१७ ची व २०२० ची गाडी यांत किमतीचा फरक साठ-सत्तर हजारांचा असेल तर तो केवळ नव्या-जुन्याचा फरक नव्हे. वर्षाला २३० दिवस घाटातून जाणाऱ्या माणसाने हे पैसे संगीत व्यवस्था किंवा अलॉय चाके यांवर घालविण्याऐवजी येथे खर्च करावेत. नोंदणीचे वर्ष व निर्मितीचे वर्ष एकच असेलच असे नाही, म्हणून नोंदणी प्रमाणपत्रावरील निर्मितीचा महिना पाहावा. गाडीतील एअरबॅगचा दिवा चावी फिरविल्यावर क्षणभर लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर एअरबॅग उघडून गेल्यावर पुन्हा न बसविता दिव्याची तार काढून टाकली असण्याचा संभव असतो.

गाडीचा खरा पूर्वेतिहास

ब्रिटनमध्ये तीन वर्षांहून जुन्या प्रत्येक मोटारीची दरवर्षी सक्तीने तपासणी होते आणि त्या वेळी नोंदविलेले किलोमीटर कोणासही पाहता येतात. आपल्याकडे खाजगी मोटारीची नोंदणी एकदा झाली की ती १५ वर्षे वैध असते आणि मधल्या काळात प्रदूषण तपासणीखेरीज कोणतीही सक्तीची तांत्रिक तपासणी होत नाही. त्यामुळे खरेदीदारालाच तपासनीसाची भूमिका घ्यावी लागते.

किलोमीटरचा आकडा मागे फिरविणे आजच्या डिजिटल मीटरमध्येही अशक्य राहिलेले नाही. आकड्यापेक्षा गाडीच्या अंगावरील खुणा अधिक खरे बोलतात. ३० हजार किलोमीटर चाललेल्या गाडीच्या क्लच पॅडलचे रबर गुळगुळीत झालेले नसते, स्टिअरिंगचा वरचा भाग चकाकत नाही आणि चालकाच्या आसनाची कड दबलेली नसते. बोनेटखाली किंवा दाराच्या चौकटीवर ऑइल बदलल्याची चिठ्ठी कधी कधी राहून गेलेली असते. अधिकृत सेवाकेंद्रात गाडीच्या क्रमांकावरून पूर्वीच्या दुरुस्त्यांची नोंद मागता येते. विक्रेत्यास बरोबर नेऊन ती मागावी.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट होईल. कमी चाललेली गाडी नेहमीच चांगली असते असे नाही. पाच वर्षांत ९० हजार किलोमीटर महामार्गावर चाललेली, वेळेवर ऑइल बदललेली, एकाच हाताने चालविलेली गाडी ही पाच वर्षांत ३० हजार किलोमीटर शहराच्या गर्दीत क्लच दाबत चाललेल्या आणि महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीपेक्षा पुष्कळदा सरस निघते. एखादा शिक्षक बदली होऊन घराजवळ आला म्हणून आपली अपडाऊनची गाडी विकत असेल आणि दुरुस्तीच्या पावत्या दाखवीत असेल, तर मीटरवरील आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही.

विम्याचा कागद हा आणखी एक बोलका साक्षीदार आहे. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून वाढत जाऊन ५० टक्क्यांपर्यंत पोहोचते. दावा केला की ती शून्यावर येते. ‘गाडीला कधी ओरखडाही नाही’ असे सांगणाऱ्या विक्रेत्याच्या चौथ्या वर्षाच्या पॉलिसीवर ही सवलत शून्य दिसत असेल, तर आदल्या वर्षी काय झाले होते ते विचारावे. ही सवलत गाडीची नसून व्यक्तीची असते; खरेदीदारास ती मिळत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

पुरात बुडालेल्या गाड्यांविषयी सावधगिरी हवी. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत व जुलै २०२१ मध्ये चिपळूणला आलेल्या महापुरांत असंख्य वाहने पाण्याखाली गेली. आपल्या जिल्ह्यातही जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत पुराने हाहाकार उडविला होता. अशी गाडी धुऊन-पुसून दूरच्या गावी विकली गेल्यास नवल नाही. तिचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला असता आतील पट्ट्यावर चिखलाची रेघ दिसते. आसनाखालचे स्क्रू गंजलेले असतात, दिव्यांच्या काचेत बाष्प साचलेले असते आणि पायाखालच्या चटईला कुबट वास येत असतो. सुगंधी द्रव्याचा मारा केलेली गाडी मुद्दाम काचा बंद करून उन्हात अर्धा तास ठेवावी आणि मग दार उघडावे.

परराज्यातील स्वस्त गाडीचा मोहही टाळलेला बरा. राजधानी दिल्लीच्या परिसरात दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तेथील डिझेल गाड्या इतर राज्यांत स्वस्तात मिळू लागल्या. मध्य प्रदेशाची हद्द तर आपल्या जिल्ह्याला लागूनच आहे. परंतु दुसऱ्या राज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवावयाची असल्यास मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणून नवा क्रमांक घ्यावा लागतो व महाराष्ट्राचा वाहनकर भरावा लागतो. तो कर आणि खेपा हिशेबात धरल्या की स्वस्ताई बहुधा उरत नाही.

किंमत ठरविताना

विम्यासाठी गाडीची किंमत ठरविण्याचे एक प्रचलित कोष्टक आहे. त्यानुसार एक ते दोन वर्षांच्या गाडीवर २० टक्के, दोन ते तीन वर्षांच्या गाडीवर ३०, तीन ते चार वर्षांच्या गाडीवर ४० आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीवर ५० टक्के घसारा धरला जातो. बाजारभाव याच्या थोडा वर-खाली असतो, पण बोलणीस हा आधार चांगला आहे. घसारा मोजावयाचा तो त्याच जातीच्या नव्या गाडीच्या आजच्या किमतीवरून. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्के व अधिभार यांऐवजी १८ टक्के झाल्याने नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या. विक्रेता स्वतः दिलेली जुनी किंमत सांगून भाव मागत असेल, तर ही गोष्ट त्याच्या निदर्शनास आणून द्यावी. ठरलेल्या अंदाजपत्रकातील किमान दहावा हिस्सा टायर, बॅटरी, ऑइल व पहिल्या दुरुस्तीसाठी राखून ठेवावा. सर्व रक्कम गाडीच्या किमतीतच संपवू नये. पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावरील गाडी तर अगदीच विचारपूर्वक घ्यावी. मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आले असून ही नोंदणी एका वेळी पाचच वर्षांसाठी होते.

विसार देण्यापूर्वी, रविवारी सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना जावे आणि इंजिन आपल्यासमोर प्रथमच सुरू करावयास लावावे. बोनेट हाताला गरम लागले तर गाडी आधीच सुरू करून ठेवली होती हे उघड आहे. आपला मिस्त्री बरोबर असावा, आणि त्याची मजुरी आपणच द्यावी.

हस्तांतरण : कायद्याची बाजू

पैसे दिले, चावी घेतली आणि सह्या केलेले कोरे अर्ज कपाटात ठेवले, एवढ्यावर असंख्य व्यवहार थांबतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० अन्वये राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. त्यासाठी नमुना २९ व नमुना ३० आहेत. कर्ज असल्यास ते फिटल्याचा नमुना ३५ बँकेच्या पत्रासह लागतो. एमएच २८ या बुलढाण्याच्या क्रमांकाची गाडी बुलढाण्यातच राहणार असेल तर ना-हरकत प्रमाणपत्राचा प्रश्न येत नाही.

या नोंदीत दिरंगाई झाल्यास काय होते, हे ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या एका निर्णयावरून दिसते. एक मोटार एकाच्या हातून दुसऱ्याच्या, दुसऱ्याच्या हातून तिसऱ्याच्या अशी विकली जात राहिली. दप्तरी नाव मात्र पहिल्याच मालकाचे राहिले. २००९ मध्ये तिचा अपघात घडला. गाडी कित्येक महिन्यांपूर्वीच विकली होती, हे पहिल्या मालकाचे म्हणणे न्यायालयाने नुकसानभरपाईपुरते मान्य केले नाही. ज्याचे नाव दप्तरी आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, असे ठरले. गाडी विकणाऱ्याने हे विसरू नये.

खरेदीदाराचेही यात कमी नुकसान नाही. विक्रीनंतर तिऱ्हाईताच्या दायित्वाचा विमा नव्या मालकाकडे आला असे कायदा मानतो, तरी विमापत्रात नावाचा बदल करून घेण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करावयाचा असतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण मात्र आपोआप येत नाही. याहून गंभीर बाब म्हणजे मालक-चालकाच्या मृत्यूबद्दल किंवा अपंगत्वाबद्दल असलेला १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा हा नोंदणीकृत मालकासाठी असतो. दुसऱ्याच्या नावावर असलेली गाडी घाटातून रोज चालविणाऱ्या माणसाच्या कुटुंबास, दुर्दैवाने काही घडल्यास, त्या रकमेवर हक्क सांगता येत नाही. जे काम परिवहन कार्यालयाच्या एका खेपेत होण्यासारखे आहे, ते लांबणीवर टाकण्याची ही किंमत आहे.

विक्री दलालामार्फत होत असेल तर तो नोंदणी प्राधिकाऱ्याकडून प्राधिकृत आहे काय, हे विचारावे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये झालेल्या व १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांना असे प्राधिकारपत्र घेणे आवश्यक केले असून वाहन ताब्यात घेतल्याची सूचना नमुना २९-ग मध्ये शासनाच्या वाहन प्रणालीवर द्यावी लागते. त्याच प्रणालीवर गाडीचा क्रमांक टाकून मालकाचा क्रम, कर्जाची नोंद, विम्याची मुदत आणि न भरलेले ई-चलन हे सर्व विसार देण्यापूर्वीच पाहून घेता येते. चासिस क्रमांक कागदावरून न वाचता गाडीवरूनच वाचावा. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या गाडीवर उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी बसविली आहे काय, तेही पाहावे. नसल्यास परिवहन कार्यालयातील पुढील कामे अडतात.

शासकीय व जिल्हा परिषदेच्या सेवेतील खरेदीदाराने वर्तणूक नियमांनुसार विहित मर्यादेपेक्षा अधिक किमतीच्या जंगम मालमत्तेच्या व्यवहाराची माहिती आपल्या कार्यालयास द्यावयाची असते. जुनी मोटार त्यास अपवाद नाही.

शेवटचा प्रश्न सहप्रवाशांचा. एकाच मार्गावरील तिघे-चौघे मिळून जाणे हे इंधनाच्या व रस्त्याच्या दृष्टीने स्तुत्यच आहे, आणि वर काढलेला ९६ हजारांचा खर्च चौघांत वाटला तर तो माणशी २४ हजारांवर येतो. तथापि पांढऱ्या पट्टीच्या खाजगी गाडीत भाडे घेऊन उतारू वाहणे हा परवान्यावाचून केलेला व्यवसाय होतो आणि अपघात झाल्यास विमा कंपनी त्यावर बोट ठेवते. म्हणून चौघांनी आळीपाळीने आपापली गाडी काढावी. गाडी एकाचीच असेल, तर निदान महिन्याचे ठरीव भाडे घेण्याची पद्धत तरी ठेवू नये, आणि मागे बसणाऱ्यांनीही सीटबेल्ट लावल्यावाचून घाट उतरण्यास निघू नये.